घर आणि त्याची जमीन

जुनी वास्तू जतन करावयाची म्हणजे नेमके काय जतन करावयाचे, या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या वुडस्टॉक गावचे एक शेतघर मला फार बोलके वाटते.

याच गावी १८०१ साली जॉर्ज पर्किन्स मार्श जन्मले. जंगलतोडीने बोडके झालेले डोंगर त्यांनी लहानपणीच पाहिले, आणि माणसाच्या हातून निसर्गाची होणारी हानी १८६४ मध्ये ‘मॅन अँड नेचर’ या ग्रंथात मांडली. १८६९ मध्ये मार्श कुटुंबाची ती शेती फ्रेडरिक बिलिंग्ज या वकिलाने विकत घेतली. बिलिंग्ज यांनी उजाड उतारांवर झाडे लावली व १८७१ मध्ये जर्सी गाई आणून दुग्धव्यवसाय उभारला. व्हिक्टोरियन काळातील ते शेतघर १८९० चे. व्यवस्थापक जॉर्ज एटकिन यांचे बिऱ्हाड, शेतीची कचेरी आणि तळघरात लोणी काढण्याची जागा, असा सारा कारभार एका छपराखाली चाले.

१९८३ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. पुढे घराचाही जीर्णोद्धार झाला. परंतु गोठा बंद पडला नाही, म्हणून ते घर आजही मुके वाटत नाही.

आपल्याकडे जुन्या वाड्याच्या दरवाजाचे कोरीवकाम आपण कौतुकाने दाखवतो. त्या वाड्याची जमीन कोणी कसली, गोठ्यात कोण राबले, हे मात्र सहसा विचारत नाही. ते सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवा, एवढीच माझी विनंती.