घड्याळ होते, वही नव्हती

मोडी कागदांचे सुमारे चारशे स्कॅन मी एका उन्हाळ्यात गमावले. घरच्या लिनक्स सर्व्हरची डिस्क बिघडली. रोज पहाटे अडीचला दुसऱ्या डिस्कवर बॅकअप व्हावा, अशी ओळ मी क्रॉनच्या यादीत लिहून ठेवली होती. ओळ बिनचूक होती. पण निजण्यापूर्वी यंत्र बंद करण्याची आमच्या घरची रीत. आठ महिन्यांत पहाटेचे अडीच त्या यंत्राने एकदाही पाहिले नव्हते. मूळ दप्तर तोवर वाळवीने खाल्ले होते. चूक माझीच; पण तिच्यामुळे मी क्रॉनच्या इतिहासाकडे वळलो.

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातला क्रॉन अगदी साधा होता. दर मिनिटाला जागे व्हायचे, यादी तपासायची. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार हे रकाने चालू वेळेशी जुळले की काम सुरू करून द्यायचे आणि पुन्हा झोपायचे. साऱ्या यंत्राची यादी एकच. पुढे प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची यादी मिळाली. १९८७ साली पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन नंतर लिनक्सच्या अनेक वितरणांत रुळला. पाच रकाने मात्र तेच राहिले.

या रचनेला पुढचे दिसते, मागचे आठवत नाही. ठरल्या मिनिटाला यंत्र बंद असेल, तर काम राहून गेल्याची नोंद क्रॉन ठेवत नाही. तो घडला तो अनेकांच्या सामाईक, सहसा अहोरात्र चालणाऱ्या संगणकांसाठी. तिथे अशा नोंदीची निकड भासली नसावी, असा माझा तर्क आहे. संगणक घरोघरी आले, रात्री बंद होऊ लागले, तेव्हा ही उणीव उघडी पडली.

तिच्यावरचा एक उपाय म्हणजे ॲनाक्रॉन. प्रत्येक काम शेवटचे कोणत्या तारखेला झाले, ते तो टिपून ठेवतो. ठरलेले दिवस उलटले असतील तर यंत्र सुरू झाल्यावर ते उरकतो. त्याचा हिशेब तासा-मिनिटांचा नसतो, दिवसांचा असतो. पुढे सिस्टमडीच्या टायमरमध्येही चुकलेले काम भरून काढण्याची सोय आली.

आता माझा बॅकअप ॲनाक्रॉनकडे आहे. तरीही दर रविवारी मी दुसऱ्या डिस्कवरचा एखादा कागद उघडतो आणि चार ओळी वाचून पाहतो.