तेजी, मंदी आणि गल्ली : एका बाजारी हक्काची भाषा व त्याचे मोल

औसा तालुका १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. त्यापूर्वी तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता. येथील तूर, हरभरा व सोयाबीन लातूरच्या आडतीवर जातात. काढणीस भाव काय राहील, ही चिंता शेतकऱ्यास पेरणीपासून असते. ठराविक भावाने माल विकण्याचा हक्क असावा, पण बंधन नसावे, असा करार थोडी रक्कम देऊन करता आला, तर त्या हक्काचे मोल किती, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

अशा हक्कांना मुंबईच्या बाजारभाषेत स्वतंत्र नावे होती. खरेदीचा हक्क ती 'तेजी', विक्रीचा हक्क ती 'मंदी', दोन्ही एकत्र ती 'तेजी-मंदी'. मुंबई सरकारने १९३९ मध्ये कापसातील असे व्यवहार कायद्याने बंद केले. निजामी राज्यातील औशास तो कायदा लागू नव्हता. पुढे १९५२ च्या कायद्याने मालातील व १९५६ च्या कायद्याने रोख्यांतील हे व्यवहार देशभर निषिद्ध ठरले. लक्षणीय गोष्ट अशी की, या दोन्ही इंग्रजी अधिनियमांच्या व्याख्यांत तेजी, मंदी, तेजी-मंदी व गल्ली हे शब्द जसेच्या तसे आले आहेत. कायद्याने या शब्दांची नोंद घेतली, ती त्यांस हद्दपार करण्यासाठी!

मोल ठरविण्याचे शास्त्र मात्र याच बंदीच्या काळात वाढले. बाशेलिए यांनी १९०० मध्ये पॅरिस येथे त्याचा पाया घातला होता. ब्लॅक व शोल्स यांचे सूत्र १९७३ चे. परंतु ते ठराविक दिवशीच बजावावयाच्या साध्या हक्कापुरते. गुंतागुंतीच्या हक्कांस संख्यात्मक रीती लागतात. कॉक्स, रॉस व रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये भावाची द्विशाखी मांडणी सुचविली. समजा, सोयाबीनचा भाव ४,००० रुपये आहे व तो दरमहा ४०० ने चढतो किंवा उतरतो. दोन महिन्यांनी तो ४,८००, ४,००० वा ३,२०० होईल. शेवटच्या भावांपासून मागे येत प्रत्येक फाट्यावर मोल काढावयाचे, ही ती रीत.

पण शेतकरी माल टप्प्याटप्प्याने विकतो. त्यास सरासरी भावाचे संरक्षण हवे. आधी चढून मग उतरलेल्या भावाची सरासरी ४,२००, तर आधी उतरून मग चढलेल्याची ३,८००. शेवट दोन्हीकडे ४,०००. अर्थात येथे शेवट पुरत नाही, वाट पाहावी लागते. तीस टप्प्यांत शेवटचे भाव अवघे ३१, वाटा मात्र १०७ कोटींहून अधिक. म्हणून सर्व वाटा न मोजता यदृच्छेने काही हजार निवडून सरासरी घ्यावयाची, ही रीत बॉयल यांनी १९७७ मध्ये या क्षेत्रात आणली.

रोख्यांवरील बंदी १९९५ मध्ये उठली व २००१ मध्ये शेअर बाजारात असे व्यवहार सुरू झाले. मालातील पहिला व्यवहार २०१७ मध्ये सोन्याचा झाला. तोवर 'तेजी-मंदी'ची जागा 'कॉल' व 'पुट' यांनी घेतली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन व हरभरा यांसह सात जिनसांचे वायदे-व्यवहार स्थगित केले व ती स्थगिती पुढे वाढविली. शब्द होता तेव्हा गणित नव्हते. गणित आले तेव्हा कायदा आड आला. आणि कायदा सैल झाला तेव्हा शब्द परका झाला होता. सट्टा व संरक्षण यांतील भेद औशाच्या शेतकऱ्यास त्याच्या भाषेत समजावून देणे, हे कार्य अद्याप शिल्लक आहे.