वहीच्या पानावरून निघालेला बीअर गेम

१९५६ साली जे फॉरेस्टर एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकची माणसं एका कोड्यानं हैराण होती. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालत, आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागे. तेजी-मंदीवर खापर फोडणं सोपं होतं, पण फॉरेस्टरना ते पटेना.

भरती कधी करता, साठा किती उरला की उत्पादन वाढवता, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग वहीच्या एका पानावर साठा, कामगार, ऑर्डरी असे रकाने आखून ते पेन्सिलीनं आकडे मांडत गेले. येणारी मागणी स्थिर धरली, तरी कामगारांची संख्या वरखाली होतच राहिली. हेलकावे कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतून उठत होते. संगणकाची मॅग्नेटिक कोअर मेमरी घडवणाऱ्या माणसानं हे कागद-पेन्सिलीवर दाखवलं, याचं मला फार मोल वाटतं. ते कुणालाही स्वतः पडताळून पाहता येतं.

त्याच विचारातून एमआयटीत बीअर गेम उभा राहिला. त्यात किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चौघे असतात. आपसांत बोलायचं नाही, ऑर्डरची चिठ्ठी तेवढी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायलाही. ग्राहक आधी आठवड्याला ४ खोकी मागतो, मग ८, आणि पुढे शेवटपर्यंत ८च. दुकानदाराचा साठा आटतो. तो घाबरून जास्त मागवतो, माल येईना म्हणून पुन्हा मागवतो. प्रत्येक टप्प्यावर ऑर्डर फुगत जाते. मग सगळा माल एकदम येऊन थडकतो आणि ऑर्डरी जवळपास थांबतात. खेळानंतर ग्राहकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, की कारखाना चालवणारा हमखास मोठी लाट काढतो.

१९८९ साली जॉन स्टरमन यांनी या खेळातले निर्णय तपासले. संघांचा सरासरी खर्च शक्य त्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. खेळाडू हातातला साठा पाहत, पण मागवलेला, अजून वाटेत असलेला माल पुरेसा हिशेबात धरत नसत. १९९७मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली : ऑर्डरी साठवून एकदम देणं, सवलतीच्या काळात जादा भरणं, टंचाईत वाढवून मागणं, अशा शहाण्या व्यवहारांतूनही हीच लाट उठते. प्रॉक्टर अँड गँबलच्या पॅम्पर्सचं उदाहरण त्यांनी दिलं. बाळांची गरज जवळजवळ स्थिर, तरी वितरकांच्या ऑर्डरी बऱ्याच वरखाली. म्हणून त्यांनी सुचवलेला एक उपाय असा, की दुकानातल्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे थेट कारखान्यापर्यंत पोचावेत.