धोलावीरेचे पाणी

कच्छच्या रणातील खडीर बेटावर बारमाही नदी नाही. तरीही इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास तेथे धोलावीरा वसली आणि जवळजवळ दीड हजार वर्षे टिकली.

नगर वसविले ते मानसर व मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधोमध. ओढ्यांना बांध घालून पुराचे पाणी तटाच्या आतील जलाशयांत वळविले जाई. १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी केलेल्या उत्खननात ही खडकात खोदलेली टाकी उजेडात आली. बालेकिल्ल्यातील दगडी मोऱ्यासुद्धा सांडपाण्याच्या नव्हेत, पावसाच्या! तटाआतील मोलाची जमीन घरांऐवजी पाण्याला देणारे ते लोक मोठे धोरणी खरे. परंतु पुढे हवामानच कोरडे होत गेले, असे संशोधक मानतात. तेथील अखेरच्या वस्तीचे अवशेष साध्या, गोल झोपड्यांचे आहेत.