पत्रांवर उभी राहिलेली विज्ञानसंस्था

१/ जून १६६७. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत झाली. हॉलंडशी युद्ध चालू होते आणि त्यांच्या परदेशी पत्रव्यवहारावर सरकारचा संशय होता. याच पत्रव्यवहारातून विज्ञानातील सहकार्याची नवी रीत घडत होती.

२/ पूर्वीची रीत लपवाछपवीची. १६१० मध्ये शनीचे विलक्षण रूप दिसले, तेव्हा गॅलिलिओने ती बातमी अक्षरांची उलटापालट करून कळवली. शोध उघड सांगावा, तर तो दुसऱ्याच्या नावावर जाण्याची भीती होती.

३/ सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली. मूळचे ब्रेमेनचे असलेले ओल्डेनबर्ग आलेल्या पत्रांची तारखेनिशी नोंद ठेवत आणि ती सभेपुढे मांडत. ६ मार्च १६६५ रोजी त्यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. शोध प्रथम कोणी कळवला, याला आता छापील पुरावा मिळू लागला.

४/ सुमारे दोन महिन्यांनी सुटका झाली आणि पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. संशय टाळण्यासाठी ते काही परदेशी पत्रे ‘ग्रुबेनडॉल’ या नावाने मागवत. त्यांच्याच आडनावाच्या रोमन अक्षरांची ती फेरजुळणी होती!

५/ डेल्फ्टचे कापडव्यापारी लेवेनहुक यांना डचखेरीज भाषा येत नव्हती. ओल्डेनबर्ग यांनी त्यांची पत्रे इंग्रजीत आणली. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन होते. सभासदांचा विश्वास बसेना. लेवेनहुक यांनी आठ साक्षीदारांचे दाखले पाठवले.

६/ अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी ते जीव सूक्ष्मदर्शकातून सभेला दाखवले. ते पाहण्यास ओल्डेनबर्ग नव्हते. सप्टेंबरमध्येच त्यांचे निधन झाले होते. १६८० मध्ये सोसायटीने लेवेनहुक यांना फेलो निवडले.

७/ २००९ मध्ये केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांनी एक अवघड प्रश्न इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. काही आठवड्यांत वाट सापडली. शोधनिबंध ‘डी. एच. जे. पॉलीमॅथ’ या सामूहिक नावाने निघाला. मात्र कोणती कल्पना कोणी, केव्हा मांडली, याची नोंद सर्वांसमोर राहिली.

८/ मित्रहो, आज अभ्यासकांचा गट सॉफ्टवेअरवर क्षणात तयार होतो. पण आलेल्या टिपणाची नोंद ठेवणारा, ते परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणणारा आणि पडताळणी होईपर्यंत पाठपुरावा करणारा सचिव त्याही गटाला लागतो. तुमच्या गटात हे काम कोण करते?