चार मुख्यमंत्री आणि एक दवाखाना

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण. आमच्याकडे पाहुणे जमले की हे एकदा तरी मोजून होतंच! मला मात्र हल्ली या यादीशेजारी दुसरी एक यादी मांडून बघावीशी वाटते, मराठवाड्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांची.

1948 साली निजामाचं राज्य गेलं. 1956 मध्ये औरंगाबादला कॉलेज निघालं, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला. मग नांदेड, 1988. शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते ते 1986 ते 1988. मग लातूर, 2002. तेव्हा मुख्यमंत्री कोण? विलासराव. योगायोग म्हणा हवं तर, मला तो वाटत नाही. आपल्या गावासाठी काही आणलं याबद्दल त्यांना दोष कसा देणार? पण ज्यांचा मुख्यमंत्री कधी झालाच नाही त्यांचं काय? धाराशिवला कॉलेज आलं 2022 मध्ये, परभणीला 2023 मध्ये, हिंगोली आणि जालन्याला 2024 मध्ये. तोवर परभणी-हिंगोलीचा पेशंट अवघड झाला की नांदेडला न्या, हाच रिवाज. किनवट-माहूरचे येणार, तेलंगणातलेही येणार. खाजगीत जायची ऐपत असलेला माणूस हैदराबाद गाठतो, उरलेले विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात.

2023 च्या सप्टेंबरअखेरीस तिथे काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. 24 तासांत 24 मृत्यू, त्यांत 12 अर्भकं. 48 तासांत आकडा 31 वर गेला. मंजूर खाटा 500 आणि दाखल पेशंट जवळपास दुप्पट. नातेवाईक म्हणत होते की औषधं बाहेरून आणायला लावली, सरकार म्हणत होतं की साठा पुरेसा होता. सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी 2017 पासून हाफकिनकडे होती. तिथल्या दिरंगाईवर ओरड होऊन 2023 मध्येच वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला होता. म्हणजे दुखणं कुठे आहे हे मुंबईत ठाऊक होतं.

आणि मग ते झाडूप्रकरण. हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. पुढे खासदारांवर गुन्हाही दाखल झाला. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. हिंगोली 1999 मध्ये जिल्हा झाला, पण कॉलेज त्या दिवशीही तिथे नव्हतं. त्या वॉर्डांतली गर्दी थोडीबहुत हिंगोलीचीच असणार. झाडू नांदेडात का मागावा?

लातूरची गंमत आणखी निराळी. ‘लातूर पॅटर्न’ने घरोघरी डॉक्टर होऊ घातलेली मुलं तयार केली, पण मेडिकलच्या 70:30 च्या नियमामुळे ज्या विभागात जागा कमी, तिथल्या मुलांना संधीही कमी. 2020 मध्ये तो नियम गेला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणमंत्री होते लातूरचेच अमित देशमुख. (पुन्हा तेच, नाही का?) मुलांचा प्रश्न सुटला, छान झालं. आता आपल्याच नात्यातले डॉक्टर मोजून बघा. पुण्यात किती, मुंबईत किती, परदेशात किती. आणि किनवटच्या सरकारी दवाखान्यात कोणी आहे का, तेही सांगा.