सरकती खोली आणि झिरपणारं पाणी

अमेरिकेत घर घेऊन रस्त्यावर फिरायचं तर एक आकडा पाठ असावा लागतो: साडेआठ फूट. गाडी लांब करता येते, थोडी उंचही करता येते. रुंदी मात्र वाढवता येत नाही, कारण शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्याची गाडी असते. आधी ही मर्यादा आठ फुटांची होती. १९८२च्या केंद्रीय कायद्याने प्रमुख महामार्गांवर मालवाहू ट्रकना १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट, रुंदीची मुभा मिळाली. पुढे राज्याराज्यांत मोटरहोमलाही हे माप मिळत गेलं.

मोटरहोम म्हणजे बसएवढी गाडी, जिच्या आत पलंग, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सगळं असतं. अशा गाडीत तुम्ही शेगडीपाशी उभे असलात की दुसऱ्याला मागून जायला जागा उरत नाही. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे स्लाइड-आउट. गाडी उभी केल्यावर बटण दाबायचं आणि कपाटाचा खण ओढावा तसा भिंतीचा एक मोठा तुकडा, सोफा-टेबलासकट, दोन-तीन फूट बाहेर सरकतो. निघताना पुन्हा आत घ्यायचा. चौदा फूट लांबीची खोली तीन फूट बाहेर आली तर ४२ चौरस फूट जागा मिळते. कायदा धावत्या गाडीची रुंदी मोजतो, उभ्या गाडीची नाही. ही पळवाट माणसांना सापडली आणि तिच्याच कडेने आत शिरायची वाट पाण्यालाही सापडली.

हे घडायला बरीच वर्षं गेली. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात 'टूरिंग लँडॉ' ही गाडी मांडली. तिच्या मागच्या सीटचा पलंग होई आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीतून बेसिन उघडे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपामध्ये 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची गाडीवाल्या भटक्यांची संघटना निघाली. १९३१ साली वॉली बायमने एअरस्ट्रीम सुरू केली. या सगळ्या गाड्या अरुंद होत्या. लोक त्यांत सुट्टीपुरते राहत, त्यामुळे निभावून जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली आणि पुष्कळ कुटुंबं ट्रेलरमध्ये कायमची राहू लागली. मग जागा अपुरी पडायला लागली. १९५४च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचा ट्रेलर बाजारात आणला. तो रस्त्याने न्यायला खास परवाना लागे. इथे दोन वाटा फुटल्या. एक रुंद घर, जे जागेवर ठेवलं की सहसा हलत नाही. दुसरं अरुंद घर, जे हवं तेव्हा निघतं. बाहेर ओढायच्या खोल्या असलेले ट्रेलर त्याही दशकात निघाले होते, पण फिरत्या गाड्यांमध्ये ती कल्पना रुळली नाही. या दोन वाटा पुन्हा एकत्र आणण्याचं श्रेय इंडियानातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीला दिलं जातं. तिने १९९० साली मोटरहोममध्ये स्लाइड-आउट आणला. त्या भागातल्या कारखान्यांत आमिश लोक मोठ्या संख्येने काम करतात. जे स्वतः मोटार बाळगत नाहीत, त्यांच्या हातून देशाची फिरती घरं तयार होतात.

मी याच इंडियानात नोकरी करतो, दिवसभर कोड लिहितो. या विषयात शिरलो तो एका निवृत्त जोडप्यामुळे. राहतं घर विकून दोघं मोटरहोममध्ये राहायला आले होते. त्यांच्या सोफ्याखालचा गालिचा ओला व्हायला लागला. गळती हळूहळू झालेली असली की विमा कंपन्या सहसा हात वर करतात; त्यांचंही तेच झालं. वर्कशॉपने सांगितलेला आकडा ऐकून आजी इतकंच म्हणाल्या, "आता हेच आमचं घर आहे."

मी चिपळूणचा, कौलारू घरात वाढलेला. आमच्या घराची वळचण भिंतीच्या बाहेर हातभर येते आणि पागोळ्या अंगणात पडतात. मे महिन्यात शाकारणी झाली की फुटकी कौलं बदललेली असतात. पाणी भिंतीपासून लांब टाकायचं, एवढाच त्या घराचा हिशेब. स्लाइड-आउटचा हिशेब याच्या उलट आहे. त्याला वळचण नाही. माथा जवळपास सपाट असतो आणि खोली आत घेताना तो माथा, वरच्या पाण्यासकट आणि पाल्यापाचोळ्यासकट, घरात येतो. पाणी अडवायला असतात फक्त रबरी पट्ट्या. एक पोकळ, फुगीर पट्टी दाबली जाऊन फट बुजवते. दुसरी गाडीच्या वायपरसारखी पृष्ठभागावर घासत पाणी निपटते. पोकळ पट्टी उन्हाने कडक झाली, किंवा खोली थोडी तिरकी सरकून ती एका कोपऱ्यात कमी दाबली गेली, की फट राहते. वायपरचा ओठ आत दुमडला तर तोच पन्हाळीसारखं पाणी घरात सोडतो.

गळती शोधणं अवघड आहे, कारण डाग दिसतो तिथे पाणी शिरलेलं नसतं. ते छपराच्या कडेच्या स्क्रूमधून शिरतं, भिंतीच्या आतून लाकडाच्या कडेने वाहतं आणि चार-सहा फुटांवर जमिनीत उतरतं. पुष्कळ मोटरहोमच्या भिंती म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे प्लायवूड आणि मध्ये फोम, असं चिकटवलेलं सँडविच असतं. पाणी शिरलं की डिंक सुटतो आणि बाहेरून भिंत फुगते. तोवर आतलं लाकूड कुजायला लागलेलं असतं.

आम्ही एक शनिवार यातच घालवला. आधी ओलावा मोजायच्या मीटरने भिंत आणि जमीन तपासून ओलीची हद्द खडूने आखली. मग आजोबा आत टॉर्च घेऊन बसले आणि मी बाहेरून नळी धरली. पाण्याला जोर द्यायचा नाही आणि सुरुवात खालून करायची. आधी वर पाणी सोडलं तर ते खाली येऊन सगळ्याच फटी ओल्या करतं आणि दोषी कोण ते कळत नाही. एका जागी दहा मिनिटं, मग थोडं वर. जमिनीची कड कोरडी, खिडकी कोरडी, उभी पट्टी कोरडी. वरच्या मागच्या कोपऱ्यापाशी आलो तेव्हा आजोबांनी आतून भिंतीवर थाप मारली. पट्टी शाबूत होती. पाणी येत होतं ते खोलीच्याच छपराच्या कडेला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीखालून. आतला जुना मसाला सुकून तडकला होता. दुसरीही एक पद्धत आहे: ब्लोअरने गाडीत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे येतात तिथे फट.

दुरुस्तीत खरं काम खरवडण्याचं. आधी कुणीतरी वरून सिलिकॉन फासलं होतं आणि सिलिकॉनवर नवीन काही नीट चिकटत नाही. म्हणून ते पूर्ण काढलं, लाकूड पंखा लावून कित्येक दिवस वाळवलं, मऊ पडलेला भाग कापून बदलला. मग ॲल्युमिनियमची पट्टी नव्या ब्युटाइल टेपवर बसवली आणि कडेने छपराचा सीलंट भरला. रबरी पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुतल्या. त्यांना पेट्रोलियमजन्य तेल लावायचं नसतं, रबर फुगतं. त्यानंतरच्या मोठ्या पावसात खडूच्या रेषेच्या आत मीटर कोरडा दाखवत होता.

दरम्यान बाजार पुढे गेला आहे. एका गाडीत तीन-चार स्लाइड-आउट असतात आणि विक्रेता त्यांची संख्या कौतुकाने सांगतो. याउलट १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये 'बोलर' नावाचा अंड्यासारखा छोटा ट्रेलर निघाला. फायबरग्लासचे दोन साचे, एकावर एक बसवलेले, मध्ये एकच मोठा सांधा. आत जागा अगदी थोडी, पण त्यातले कित्येक आजही फिरतात.

मला त्यामुळे स्लाइड-आउट वाईट वाटत नाही. त्या आजींना सोफ्याशेजारी शिवणाचं मशीन ठेवता येतं ते त्या ४२ चौरस फुटांमुळेच. फक्त ही जागा एकदा पैसे देऊन आपली होत नाही. प्रत्येक मुक्कामाहून निघताना शिडी लावून माथा पुसावा लागतो आणि दरवर्षी कडा तपासाव्या लागतात. आमच्याकडे याला शाकारणी म्हणतात आणि ती कुणी टाळत नाही, कारण जून कुणासाठी थांबत नाही. चाकांवरच्या घराला ठरलेला जून नसतो. पाऊस कुठेही, कधीही गाठतो, म्हणून त्याची शाकारणी वर्षभर चालते.